काचेवरची रिकामी जागा

काय घडलं ते नंतर सांगते. ज्यांच्यामुळे माझा मुलगा आज जिवंत आहे, त्यांचं आधी सांगू दे. त्या डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, शवागाराच्या अलीकडे, एक लांबट खोली होती. ऑपरेशनमध्ये कापून काढलेले तुकडे तिथे यायचे. ते मेणात बसवायचे, मेणाचे कांद्याच्या सालीहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चढवून रंगवायचे, एवढं त्यांचं काम. काचेवर काय आहे हे लिहिणारे डॉक्टर वेगळे. पण आयुष्यभर काचा करून करून यांनाही ते दिसायला लागलं होतं. सगळे त्यांना काचावाल्या मॅडम म्हणत, मी ताई म्हणायचे. चेंबूरहून यायच्या. तोंडाने फटकळ. माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. इथे नमुने आहेत."

त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते यात येईल. मी त्यांचं काय केलं, तेही येईल.

मी गोंदियाच्या पलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आठवीचा वर्ग नदीपलीकडे होता आणि घरात माझ्याहून लहान तिघं होती. अठरा पूर्ण झाल्यावर गावच्या मुलींबरोबर अंधेरीच्या एमआयडीसीत कपड्यांच्या कारखान्यात आले. कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसले. तिथेच कापड कापणाऱ्याशी जमलं, लग्न केलं. तो घाटकोपरचा, मूळ मालवणकडचा, आजोबा गिरणीत होते. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. सासूला मी चालणारी नव्हते. पहिल्या दिवशी माझ्याकडे न बघता तिने विचारलं, तुमच्याकडे मासे खातात की जंगलात जे सापडेल ते खातात. शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. दूरदेशी आलेल्या माणसाला लवकर हसता यावं लागतं.

नवऱ्याला लहानपणापासून पोट साफ न होण्याचा त्रास होता. सकाळी तो संडासात गेला की घर खोळंबायचं. सासू दारावर थाप मारून म्हणायची, "रे, सातबारो लिहितंस काय थंय?" रोज झोपताना इसबगोल, उठल्यावर तांब्याभर गरम पाणी. आम्ही सगळे त्याची चेष्टा करायचो आणि तोही करू द्यायचा. हा आजार असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मुलगा मुलुंडच्या एका छोट्या प्रसूतिगृहात झाला. गोरा, केसाळ, भरपूर वजनाचा. पहिला दिवस गेला, त्याला शी झाली नाही. दुसरा दिवस अर्धा गेला. पोट जरा वर आलं होतं. नर्स दर फेरीला विचारायची, झाली का. दुपारी सासू डबा घेऊन आली. पदराच्या गाठीत तिने विड्याचं पान आणलं होतं. देठ तोडला, एरंडेलात बुडवला आणि मला म्हणाली, पाय धर. मी पाय धरले. देठ आत गेला आणि बाहेर आला, त्याच्या मागोमाग भसकन वारा सुटला आणि काळसर हिरवी शी दुपट्यावर पसरली. बाळ शांत झालं. सासूने देठ खिडकीतून टाकला आणि म्हणाली, "माझ्या हाताक यश आसा."

नर्स आली. झाली का? सासू म्हणाली, झाली. खोटं नव्हतं. नर्सने कागदावर खूण केली आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडलं.

पुढे अकरा आठवडे हेच. दोन दिवसांआड देठ. तो आपला आपण एकदाही गेला नाही, एकदाही नाही. पोट डफासारखं ताणलेलं, कातडीवर निळ्या शिरा. सासू हात फिरवून म्हणायची, गुबगुबीत आहे. इमारतीतल्या बायका सल्ला विचारायला तिच्याकडे येऊ लागल्या. मी एकदा म्हटलं, डॉक्टरला दाखवू या का. ती म्हणाली, आमच्या घरातल्या सगळ्या पोरांना देठ लावलाय, तुमच्याकडे काय लावतात, काटा? मी पुन्हा विषय काढला नाही. मला त्या घरात राहायचं होतं.

मग एका दुपारी देठामागून शी आलीच नाही. कुजलेलं, तपकिरी पाणी आलं. वास असा की सासूसुद्धा मागे सरली. संध्याकाळपर्यंत ताप, हिरवी उलटी आणि पोट दगडासारखं. रिक्षात तो माझ्या मांडीवर रडतही नव्हता. हॉस्पिटलात एका तरुण सर्जन बाईंनी बोटाने तपासलं आणि विचारलं, आधी शी आपली आपण व्हायची का? सासू म्हणाली, व्हायची. मी म्हटलं, देठ लावायचो. बाईंनी आवाज चढवला नाही. नर्सला म्हणाल्या, लिहून घे, देठ. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही आजार थोडा थोडा बाहेर काढत होतात, म्हणून तो कोणाला दिसला नाही."

त्या दिवशीच पोट उघडलं. आतड्याचा खराब झालेला भाग कापला, वरचं तोंड पोटावर आणून शिवलं आणि त्यावर पिशवी लावली. शी आता पिशवीत येणार होती. कापलेला तुकडा आम्हाला ट्रेमध्ये दाखवला, तशी पद्धत असते म्हणे. एका टोकाला फिका, दुसऱ्या टोकाला वांग्याच्या सालीसारखा काळा. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी बघितलं. सर्जनबाई म्हणाल्या, आतड्याच्या शेवटच्या भागात नसांच्या पेशी नसाव्यात, म्हणून तो भाग ढकलतच नाही. रिपोर्ट येऊ दे. वरचं आतडं चांगलं निघालं तर सहा महिन्यांनी ते खाली ओढून जोडू, पिशवी जाईल. आईवडील दोघांच्या सह्या लागतील.

घरी आल्यावर सासूने माझा पेला वेगळा केला. पिशवी बदलणाऱ्या हाताचं खाणार नाही म्हणाली. दारात बायका जमल्या की त्यांना ऐकू जाईल असं बोलायची. घरात गू घेवन फिरता ही. आणि कारणही तिने शोधून काढलं. सातव्या महिन्यापर्यंत मी कारखान्यात मशीनवर बसले होते. मशीनच्या हादऱ्याने हिने पोटातल्या पोराचं आतडं हलवलं. नाहीतर मग रक्त. कुठल्या रानातलं रक्त, कोणी तपासलं होतं?

रक्ताचं मी मनावर घेतलं नसतं. मशीनचं घेतलं. कारण हादरा मला आठवत होता. पोट टेबलाला टेकायचं आणि आत थरथर जाणवायची. पिशवी धुताना मला ती थरथर हातात यायची. मला वाटायचं, मीच शिवता शिवता याचं काहीतरी तोडलं.

मग सासूने नवऱ्याला सांगितलं की दुसऱ्या ऑपरेशनची सही द्यायची नाही. एकदा फाडलंय, आणखी किती फाडायचं. दोघांना माहेरी पाठव, तिचं रक्त तिच्या घरी. नवरा हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. माझ्या गावाला तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावायला माणूस मिळत नाही. पिशवी चिकटवायची पेस्ट तिथे कोण देणार? मुलाला पुन्हा तसाच ताप आला तर कोण पोट उघडणार? मी मनात हिशोब केला होता. गावी तो पावसाळा काढणार नव्हता. म्हणजे दोष कोणाचा यावर त्याचं जगणं येऊन ठेपलं. दोष माझा ठरला की तो मेलाच.

रिपोर्ट आणायला गेले तेव्हा खिडकीवर कोणी नव्हतं. मी दार ढकलून आत गेले आणि बाटल्यांची रांग पाहून रडू फुटलं. ताईंनी ते नमुन्यांचं वाक्य टाकलं. मी बाहेर जाऊन रडले, तोंड धुतलं, परत आले. त्या डब्यातली चवळी खात होत्या. रिपोर्ट उद्या मिळेल म्हणाल्या. मी विचारलं, मशीनच्या हादऱ्याने पोटातल्या बाळाचं आतडं बिघडतं का हो?

ताईंनी घास गिळला. हसल्या, आणि ते हसू काही प्रेमळ नव्हतं. "असं असतं तर निम्म्या एमआयडीसीची पोरं पिशव्या लावून फिरली असती." मग हात धुऊन आल्या, दाराला कडी घातली आणि मला सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवलं.

आधी दुसऱ्या कोणाची तरी काच लावली. निरोगी आतड्याची. गुलाबी पट्ट्यांच्या मध्ये जांभळट गोल गोल पेशींचे घोळके होते, तीन-चार एकत्र, प्रत्येकीत एक ठिपका, डोळ्यातल्या बाहुलीसारखा. बघून घे म्हणाल्या, या पेशी आतड्याला ढकल म्हणून सांगतात. मग माझ्या मुलाची काच लावली. तेच गुलाबी पट्टे. मध्ये जाड, वळवळत गेलेल्या दोऱ्यांसारखं काहीतरी. पेशी नाहीत. मी काच पुढे सरकवायला सांगितली. त्यांनी सरकवली. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. कुठेच नाहीत. ती रिकामी जागा मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

"या पेशी इथे जन्मत नाहीत," ताई म्हणाल्या. "मानेपाशी जन्मतात आणि आतड्यातून चालत चालत खाली येतात. बाराव्या आठवड्यापर्यंत शेवटाला पोचायला हव्यात. तुझ्या पोराच्या अर्ध्या वाटेत राहिल्या. तेव्हा तुला पोट तरी दिसत होतं का गं?"

मी विचारलं, राहिल्या म्हणजे गेल्या कुठे? त्या म्हणाल्या, काही चालतच नाहीत, काही वाटेत मरतात. कुठल्या पोरात किती, कशाने, हे मोठ्या मोठ्या डॉक्टरांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. पण पेशीला वाटेत सारखा निरोप लागतो, की जग, पुढे चल. निरोप आत घ्यायचं तिचं दार बनवणारा जो जीन असतो, तो मोडका निघाला की निरोप येऊनही तिला मिळत नाही. मग ती स्वतःला संपवते. गडबड करत नाही. आतलं सामान आवरते, आपले बारीक तुकडे करते, त्यांच्या पुड्या बांधते आणि शेजारच्या पेशी त्या खाऊन टाकतात. सूज नाही, डाग नाही. म्हणून आता शोधलं तरी प्रेत सापडत नाही. हे मरण कोणाच्या हातातलं नव्हतं. तुझ्या तर नव्हतंच.

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला खांद्याला धरून पुन्हा बसवलं आणि तिसरी काच लावली.

ही काळ्या टोकाची. इथे पट्टे नव्हते, रांगा नव्हत्या. सगळं पसरलेलं, फुटलेलं, पेशींच्या नुसत्या सावल्या आणि त्यांच्यात निळ्या ठिपक्यांची झुंबड. ताई म्हणाल्या, या पेशी आवरून मेलेल्या नाहीत. आत मळ कुजला, आतडं फुगलं, रक्त पोचेना, जंतू शिरले आणि या फुटल्या. फुटली की आतलं विष शेजारणीवर सांडतं, मग तीही फुटते. त्यानेच ताप, त्यानेच सूज.

"पहिलं देवाचं म्हण, जीनचं म्हण. हे अकरा आठवड्यांचं मात्र तुमचं."

त्यांना हे बोलायचं कारण नव्हतं. मी नुकतीच सुटले होते, तेवढ्यावर सोडून देता आलं असतं. पण त्यांनी सोडलं नाही. देठ लावताना मुलाचे पाय मी धरले होते. मला ते सोडता आले असते. आजही कधी मुलाचे मोजे काढताना ते आठवतं आणि माझे हात थांबतात.

मी त्यांना सह्यांचं सांगितलं, माहेरी धाडण्याचं सांगितलं. त्यांनी तिसरी काच काढून ठेवली. मग म्हणाल्या, वरच्या मजल्यावर जीन तपासणारे डॉक्टर बसतात, तिघांचं रक्त देऊन ये. कदाचित तुझ्याकडून निघेल, कदाचित कोणाकडूनच नाही, मुलातच नव्याने झालेलं असेल. तयारी ठेव. मोडका जीन असूनही कोणी ठणठणीत असतो, कोणाला नुसता बद्धकोष्ठ असतो, कोणाला हे असं. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते सांगायला नको. संडासाचं बंद दार.

नवऱ्याला मी खरं सांगितलं नाही. ऑपरेशन झालं तर रक्त जुळवून ठेवायला हवं म्हणून सांगितलं. फॉर्मवर सगळं मराठीत छापलेलं होतं. डॉक्टर समजावून सांगायला लागले तेव्हा मी मुलाला चिमटा काढला. तो किंचाळला, नवरा घाईघाईने सही करून त्याला घेऊन बाहेर गेला. पोटावर पिशवी असलेल्या पोराला मी चिमटा काढला. यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला कळतं.

काही आठवड्यांनी निकाल आला. बदल मुलात होता आणि बापात होता. माझ्यात नव्हता.

मला शहाणपणाने वागता आलं असतं. नवऱ्याला एकट्याला गाठून सांगता आलं असतं. मी तसं केलं नाही. सासूचा चहा झाल्यावर, दार उघडं असताना, दोघांपुढे उभी राहून वाचलं. सातवीच्या पोरीसारखं, एकेक शब्द ठासून. वाचून झाल्यावर म्हटलं, रानातलं रक्त चांगलं निघालं. तुमचं बघा.

नवरा म्हणाला, हे तुला कोणी शिकवलं? मी ताठ्यात सांगून टाकलं, काचावाल्या ताईंनी.

सासू मात्र माझ्याशी भांडली नाही. खाली बसली. पहिल्यांदाच तिचा आवाज बायकांना ऐकू जाणार नाही इतका बारीक झाला. "ह्याच्या आधी दोन गेले माझे. असेच फुगान. तेंकाय देठच लावललो."

नवऱ्याला हे माहीत नव्हतं. तो आईकडे बघत राहिला. त्या क्षणी मी तिच्याजवळ बसले असते तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. मी म्हटलं, "मग तिसऱ्यालाही तसंच घालवायला निघाला होतात." ती उठून आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. महिन्याभरात गावाला गेली, ती अजून तिथेच आहे.

नवऱ्याला एका दिवसात दोन भाऊ मेलेले कळले आणि दोष आपला कळला. ते त्याला झेपलं नाही. दुसऱ्या सकाळी हॉस्पिटलात जाऊन त्याने आरडाओरडा केला. फसवून रक्त काढलं, लॅबवाली बाई घरं फोडते, रिपोर्ट खोटा आहे. लेखी तक्रार दिली. दोन दिवसांनी ऑफिसात आम्हा दोघांना बोलावलं. बाहेरच्या बाकावर तो माझ्या कानाशी हळू बोलला, जसा लग्नाआधी बोलायचा.

"तिने तुला बोलावून डोक्यात भरवलं, असं सांग. मी आत्ता सही करतो. नाहीतर ने पोराला तुझ्या गावी."

आत टेबलावर मुलाची फाईल होती आणि वर संमतीचा कागद. ताई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांना खुर्ची दिली नव्हती. चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, तुम्ही लॅबमध्ये स्वतः गेलात की यांनी बोलावलं? रक्ताचं नवऱ्याला खोटं सांगा असं यांनी सांगितलं का?

मी म्हटलं, यांनीच बोलावलं. यांनीच सांगितलं. मला काही कळत नव्हतं, माझं शिक्षण सातवी.

साहेबांनी लिहून घेतलं. मी सही केली. ताई एक अक्षरही बोलल्या नाहीत. दाराला कडी घालून बाहेरच्या बाईला काचा दाखवल्या, हा नियमभंग तर होताच. पण खोटं बोलायला त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं, आणि शिक्षा त्याचीच झाली. बाहेर आल्याबरोबर नवऱ्याने संमतीच्या कागदावर सही केली. पेन माझंच होतं.

ऑपरेशन नीट झालं. चांगलं आतडं खाली ओढून जोडलं, पिशवी गेली. पहिल्या महिन्यात त्याचं ढुंगण सोलून निघालं, दिवसातून वीस वेळा जायचा, धुताना मला लाथा मारायचा. आता चार वर्षांचा आहे. कधी चड्डी खराब होते, बालवाडीत पोरं त्याला नाक धरून दाखवतात. नवरा अजून रिपोर्ट खोटाच म्हणतो आणि अजून इसबगोल घेतो. आम्ही एका घरात राहतो.

ताईंना लॅबमधून काढून तळघरात जुन्या कागदांवर बसवलं. तिथे सूक्ष्मदर्शक नाही. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत. मागच्या खेपेला मुलाला दाखवायला नेलं तेव्हा त्या जिन्यात समोर आल्या. मी भिंतीला चिकटले. त्यांनी माझ्याकडे नाही, मुलाकडे पाहिलं.

"होते का याला?"

"होते, ताई."

"आपली आपण?"

"हो."

"बरं," म्हणाल्या आणि खाली उतरून गेल्या. मला पाय धरायचे होते. डॉक्टरांना दाखवायची रांग लागली होती, मी रांगेत गेले.

मुलाला अजून वर्षभर तिथेच दाखवायचं आहे. मी आत्ता तोंड उघडलं तर त्याला बाहेर काढतील अशी भीती मला वाटते. सर्जनबाई म्हणतात तसं काही होत नसतं, तरी वाटते. माझी भीती शिकलेली नाही. पण त्याचा शेवटचा कागद हातात पडला की मी त्या ऑफिसात जाणार आहे. दार मी ढकललं होतं, खोटं माझं मी रचलं होतं, चिमटा मी काढला होता, हे माझ्या अक्षरात लिहून देणार आहे आणि खाली सही करणार आहे. ताई निवृत्त होण्याआधी. नाही जमलं तर चेंबूरला त्यांचं घर शोधून, त्यांच्या घरच्यांसमोर ते वाचून दाखवीन. ताई, तुमचं हे एवढं मी फेडणार आहे.